मोराच्या आकाराची विहीर

त्रिशला चौगुलेची शाळा घरापासून नऊशे मीटरवर होती आणि तिथं पोचायला तिला पंचवीस मिनिटं लागत. चालत नव्हे, गाडीनं. चौथीतल्या मुलीलासुद्धा हे गणित चुकलेलं वाटावं, पण सांगलीच्या वखारभागात ते रोज सकाळी सात वाजता बरोबर येत असे.

दोष म्हटला तर कुणाचाच नव्हता. बिनचालकाच्या गाड्या पहिल्यांदा रस्त्यावर आल्या तेव्हा लोकांनी त्यांना भूतगाड्या म्हणून नावं ठेवली, आणि वर्षभरात त्यांच्यावाचून कुणाचं पान हलेना. पूर्वी एखादा बाप पोराला सोडायला निघाला की शेजारची दोन पोरंही स्कूटरवर कोंबायचा. आता ती गरज उरली नाही. पोराला आत बसवायचं, पट्टा लावायचा, की आईबाप मोकळे. प्रत्येक पोराला स्वतंत्र गाडी, आणि पोर उतरलं की तीच गाडी रिकामी परत. सहाशे मुलांच्या शाळेसमोर सकाळी एका वेळी तीनशेवर गाड्या जमत. त्या भांडत नसत, हॉर्न वाजवत नसत. अत्यंत सभ्यपणे एकमेकींना वाट देत जागच्या जागी उभ्या राहत, एवढंच.

त्रिशलाची आई पद्मजा घरून फोनवर त्या गाडीचा हिरवा ठिपका बघत बसायची. मुलगी रोज विचारायची, मी सायकलनं जाऊ का. आई रोज सांगायची की रस्त्यावर गाड्या फार आहेत, म्हणून तू गाडीनं जा. या उत्तरातला घोळ पद्मजाला कळत होता, पण सकाळी सात वाजता घोळ सोडवायला वेळ कुणाला असतो? शिवाय गाड्यांबद्दल तक्रार करायला तिला तोंडही नव्हतं. त्या गाड्या बनवणाऱ्या 'गतिका' कंपनीच्या सांगलीतल्या केंद्राची ती प्रमुख होती.

फेब्रुवारीत शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली. चित्रकलेचे इरफान जमादार सर पहाटे चारलाच रांगोळीच्या पोत्यासह हजर झाले. सरांच्या हातची रांगोळी बघायला तीन जिल्ह्यांतून माणसं येत, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असल्यानं सरांनाही मनासारखं काहीतरी करायचं होतं. त्यांनी बारा मुलांना हाताशी घेऊन शाळेच्या रस्त्याच्या तोंडाशीच एक मोर काढला. लांबी चाळीस फूट, रुंदी जवळजवळ अख्ख्या रस्त्याची. कडेनं माणूस आणि सायकल जाईल एवढी जागा तेवढी सोडली. गाड्या पलीकडच्या गल्लीतून वळून येतील, असा सरांचा अंदाज होता.

सातला पहिली गाडी कोपऱ्यावर आली आणि मोराच्या चोचीपासून हातभर अंतरावर थांबली. आतून गोड आवाजात सूचना आली, "पुढे रस्ता खोल खचला आहे. कृपया येथे उतरावे." मागची थांबली, तिच्या मागचीही थांबली. पलीकडच्या गल्लीत सरांच्याच मुलींनी हौसेनं दोन कमळं काढून ठेवली होती, त्यामुळं तिथंही रस्ता खचलेलाच.

घराघरांत फोन वाजले. पद्मजा अर्धी वेणी घातलेली तशीच धावत आली. येऊन बघते तो कोपऱ्यापर्यंत गाड्यांची रांग, दारं उघडी, आणि पोरं उतरून शाळेकडं चाललेली. चाललेली कसली, उधळलेली. उरलेल्या तीनशे मीटरमध्ये त्यांना काय काय सापडलं होतं. पिठाच्या गिरणीत डोकावणारी एक टोळी होती. बँकेच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्याचं नाव 'मॅनेजर' असल्याचं दुसऱ्या टोळीला कळलं होतं. त्रिशला उलटी चालत तीन मैत्रिणींना काहीतरी सांगत होती आणि चौघी पोट धरून हसत होत्या. ही मुलगी रोज गाडीच्या खिडकीत कंटाळून बसलेली असते, हे पद्मजाला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

मग मागच्या गाडीतून तीच सूचना पुन्हा ऐकू आली. रस्ता खोल खचला आहे. गाड्यांना काय झालंय हे त्या गर्दीत फक्त तिलाच कळलं होतं.

गाडी रस्ता ओळखते कशी? तिला कुणी नियमांचं पुस्तक पाठ करायला देत नाही. लहान पोराला जसं बोट दाखवून सांगतात, ही माऊ, हा भूभू, तसंच तिला लाखो फोटो दाखवून सांगावं लागतं. ते फोटो आधी माणसांनी रंगवलेले असतात. पद्मजाच्या केंद्रात चाळीस बायका हेच काम करत. पडद्यावर रस्त्याचा फोटो येई आणि त्यावर रंग भरायचे. रस्ता करडा, जिवंत प्राणी लाल, वस्तू निळी, आणि खड्डा किंवा उघडं गटार काळं. असे लाखो फोटो गिळले की गाडीच्या मेंदूत आपोआप एक समज तयार होते. ती कुठं साठते, कशी दिसते, हे बनवणाऱ्यांनाही नेमकं सांगता येत नाही.

गाडीला लेझरची नजरही असते. ती जमीन सपाट आहे की खोल ते मोजते. पण पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा लेझरला सपाटच दिसतो. म्हणून कंपनीनं ठरवून टाकलं होतं की लेझर काहीही म्हणो, कॅमेऱ्याला खड्डा वाटला तर तो खड्डाच.

सहा वर्षांपूर्वी या बायकांसमोर दारापुढच्या रांगोळ्यांचे फोटो येऊ लागले. पुण्यातल्या मुख्य कचेरीतून आलेल्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की रस्त्यावरचं चित्र, डाग, रंग हे सगळं करडं. करडं म्हणजे गाडीनं खुशाल चाक घालावं. तेव्हा शकूताई माळींनी माउस बाजूला सारून विचारलं होतं, की ज्याच्यावर आपण पाय पडू देत नाही त्याच्यावर चाक घाल म्हणून कसं सांगायचं. पद्मजानं पुण्याला विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही, कारण काय उत्तर येणार ते तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, काळा भरा.

एक्केचाळीस हजार रांगोळ्या काळ्या रंगल्या. तेव्हापासून या गाड्यांच्या लेखी दारापुढची रांगोळी म्हणजे लहानसा खड्डा, आणि त्या एवढ्याशा बाजूनं निघून जात. सरांचा मोर म्हणजे चाळीस फुटी, मोराच्या आकाराची विहीर. त्यात कोण उतरणार?

जमादार सरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची साधी समजूत झाली की गाड्यांना अक्कल आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्ती काढला, तिसऱ्या दिवशी ठिपक्यांचा गालिचा. मुख्याध्यापिका बाईंनी पहिले दोन दिवस कपाळाला आठ्या घातल्या. मग प्रार्थनेला सगळी शाळा वेळेवर हजर असते, हे बघून त्यांनी स्वतःच दोन पोती पांढरी रांगोळी मागवली. आठवड्याभरात निम्म्या पालकांनी गाडी बोलावणंच सोडलं. तीनशे मीटरसाठी उतरायचंच असेल तर घरापासूनच जाऊ दे, म्हणाले. माळ्यांवरून सायकली खाली आल्या. पंक्चरवाल्याला पंधरा वर्षांनी बरे दिवस आले.

पद्मजानं त्रिशलाला मावसभावाची जुनी सायकल आणून दिली. पहिले चार दिवस ती स्वतः कॅरिअर धरून मागं धावली. पाचव्या दिवसापासून हळूच, वीस पावलं मागून, भाजी आणायला निघाल्यासारखं दाखवत चालू लागली. त्रिशलाला ते माहीत होतं आणि ती चिडायची. पण दुपारी घरी आली की तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. गिरणीतलं पीठ गरम असतं. मॅनेजरला पारलेचं बिस्किट चालत नाही, खारी लागते. माळ्यांच्या दारातली अबोली कोण तोडतं ते मला माहितीय पण मी सांगणार नाही. पूर्वी शाळा कशी झाली, असं विचारलं तर "बरी" एवढंच उत्तर यायचं.

इकडं पुण्यात कंपनीच्या नोंदींत भलतंच चित्र दिसत होतं. सांगलीतला एक रस्ता रोज सकाळी खचत होता आणि रोज दुपारी दुरुस्त होत होता. खड्डा एका दुपारात बुजतो म्हटल्यावर कुणालाही संशय येणारच. तो निस्तरायला निमिष खासनीस नावाचा इंजिनिअर आला. तिशीतला, नम्र, दोन वाक्यांमागं एकदा 'मॅडम' म्हणणारा. दोष कुठं आहे ते आठ दिवसांत शोधून द्या, असं त्यानं पद्मजाला सांगितलं. ती बघते म्हणाली आणि सहा दिवस काहीच बघितलं नाही.

सातव्या दिवशी निमिषनं पाठवलेल्या नोंदींत तिला मिरजेतली एक चित्रफीत दिसली. अरुंद बोळ, एका दारात मोठी रांगोळी, समोरून सायकलवर कपड्यांचं गाठोडं घेऊन येणारा इस्त्रीवाला. गाडीला रांगोळीत खोल खड्डा दिसला, तिनं झटकन चाक वळवलं, आणि इस्त्रीवाल्याला धक्का बसून तो गटाराच्या कडेला पडला. कोपर खरचटलं, कपडे चिखलात गेले. त्याचा जीव वाचला, पण पद्मजाला वाटलं, हा नशिबाचा भाग झाला. खोटा खड्डा गाडीला घाबरवतो, आणि घाबरलेली गाडी कधी तरी माणूस मारेल. तो खड्डा तिनं स्वतः खणला होता.

हे सांगितलं तर नोकरी जाईल, याची तिला भीती होतीच. त्याहून मोठी भीती त्रिशलाची होती, कारण गाड्या पुन्हा धावू लागल्या की तिची सायकल बंद होणार होती. त्या संध्याकाळी सायकलची साखळी पुसत बसलेल्या मुलीला तिनं सगळं सांगून टाकलं.

"मग सांगू नकोस ना कुणाला," त्रिशला म्हणाली.

"एक माणूस पडलाय गं."

"लई लागलं?"

"कोपर खरचटलं."

एवढंच ना, असं काहीतरी त्रिशलाच्या तोंडाशी आलं असावं. पण ते बरोबर नाही, हे तिचं तिलाच कळलं, आणि म्हणून ती जास्तच संतापली. फडकं टाकून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पद्मजा निमिषसमोर बसली.

"रस्ता खचत नाही. गाडीला तसं मी शिकवलंय."

"चुकून?" निमिषनं विचारलं. बिचाऱ्यानं पळवाट दाखवली होती.

"नाही. मुद्दाम."

निमिषनं सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला नाही, हेच पद्मजाला जड गेलं. पाऊस यायला अजून तीन महिने होते, तोवर पाण्यानं भरलेल्या खड्ड्यांचा प्रश्न नव्हता. त्यानं त्याच दिवशी जिल्ह्यातल्या गाड्यांना खड्ड्यांच्या बाबतीत फक्त लेझरवर विसंबायला सांगितलं. पक्का इलाज मात्र एकच होता, एक्केचाळीस हजार फोटो पुन्हा उघडायचे आणि काळ्याच्या जागी करडा भरायचा. त्यासाठी त्यानं पंधरा दिवस दिले. नोकरीचं काय ते नंतर बघू, म्हणाला.

दुसऱ्या सकाळी आजवर थांबणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत. पहिली गाडी कोपऱ्यावर वळली आणि सरांच्या रंगानं माखलेल्या हातांसमोरून त्यांच्या ताज्या कमळाच्या मधोमध निघून गेली. शाळेच्या फाटकापर्यंत दोन गुलाबी पट्टे उमटले. त्या गाडीत त्रिशला होती. गाड्या पुन्हा धावणार म्हणून पद्मजानंच तिला सायकलवरून उतरवून आत बसवलं होतं. जमादार सर रांगोळीची चाळणी धरून उभे राहिले, आणि मागच्या काचेतून त्रिशला त्यांच्याकडं बघत राहिली. त्या दुपारपासून ती आईशी बोलेनाशी झाली.

केंद्रात वेगळाच प्रकार झाला. निमिषनं फोटो वाटून दिले, कसं बदलायचं ते समजावलं आणि चहा प्यायला गेला. परत आला तर चाळीसही पडद्यांवर पहिलाच फोटो उघडा, आणि एकीचाही हात माउसवर नाही. शकूताईंनी खुर्ची त्याच्याकडं वळवली.

"साहेब, चूक झाली ते खरं हाय. खड्डा म्हणायला नको हुतं. पण करडा भरायचं आमच्या हातनं न्हाई व्हायचं."

निमिषनं पद्मजाकडं पाहिलं. बायकांना कामाला लावणं हे तिचं काम होतं. ती शकूताईंच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

मग निमिषनं पुण्याच्या केंद्रात फोन केला. तिथल्या मुली म्हणाल्या, आम्हाला नका सांगू, सर. चेन्नईच्या केंद्रात विचारलं तर तिथली प्रमुख आधी हसली आणि मग म्हणाली, आमच्याकडं तर मुंग्यांना खायला म्हणून तांदळाच्या पिठाची काढतात, त्यावर चाक कसं घालणार? शेवटी निमिषनं बाही सरसावली आणि शकूताईंना उठवून स्वतः बसला. पहिला फोटो उघडला. कुठलंसं दार, सडा घातलेली जमीन, अर्धवट झालेली वेल. कोपऱ्यात एका बाईचा हात, चिमटीतून अजून पांढरी धार सुटते आहे. निमिषनं करडा रंग निवडला. पडद्यावरचा बाण वेलीपर्यंत नेला.

"ही बाई अजून उठलीसुद्धा नाहीये हो," तो म्हणाला, आणि त्यानं माउस सोडून दिला.

पद्मजानं खुर्ची पुढं ओढली. रात्रभर घोळवलेली गोष्ट तिनं मांडली. रांगोळीला पाचवा रंग द्या, म्हणाली. गाडीला खरं तेच शिकवू, की जमीन सपाट आहे, घाबरून वळायचं कारण नाही. लांबूनच वेग कमी कर, थांब, दुसरी वाट बघ. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी असेल तर मात्र वरून जा, कारण रांगोळी पुन्हा काढता येते.

निमिषनं रास्त शंका काढली. उद्या जो तो आपल्या दारात पार्किंग राखायला रांगोळ्या घालत सुटेल.

"घालू देत की," शकूताई म्हणाल्या. "पहाटं उठायचं, वाकायचं, ठिपके मोजायचं, आन् परत उद्या हायच. पार्किंगसाठी कोण करतंय? चार दिसांत कंबर धरून बसतील."

निमिषनं तो मुद्दा तसाच्या तसा टिपून घेतला. नवा रंग मंजूर करून घ्यायचा तर अर्जात 'कारण' असा रकाना होता. तिथं त्यानं आधी इंग्रजीत दोन परिच्छेद लिहिले, खोडले, आणि पडदा पद्मजाकडं वळवला. तिनं एकच ओळ लिहिली, "ही कुणीतरी वाकून काढलेली असते." पुण्यात या ओळीवर तीन बैठका झाल्या म्हणे. पद्मजाला लेखी ताकीद मिळाली, आणि पाचव्या रंगाला मंजुरीही मिळाली. बायकांनी एक्केचाळीस हजार फोटो अठरा दिवसांत अबोली रंगात रंगवून टाकले.

चाचणी शाळेच्याच कोपऱ्यावर ठरली. सकाळी पावणेसातला निम्मा वखारभाग तिथं जमला होता. गिरणीवाले पिठानं माखलेल्या अंगानं आले, मुख्याध्यापिका बाई हातात घड्याळ घेऊन आल्या. जमादार सरांनी पोतं सोडायला घेतलं तर निमिषनं त्यांना थांबवलं. सरांची रांगोळी कुठलीही गाडी ओळखेल, म्हणाला. मेंदूला खरंच समजलंय का ते बघायचं तर वाईट रांगोळी पाहिजे. या शाळेत सगळ्यात वाईट कोण काढतं?

चौतीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या सरांनी क्षणाचाही विचार न करता त्रिशलाकडं बोट दाखवलं.

सायकल भिंतीला टेकवून त्रिशला पुढं आली. आईकडं तिनं पाहिलं नाही. बावीस दिवस झाले होते, ताटात वाढलेलं मुकाट्यानं जेवायची आणि उठायची. तिनं मूठभर रांगोळी घेतली आणि रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसली. कुठं धार तुटली, कुठं ढीग पडला. एक पाय दुसऱ्यापेक्षा दुप्पट मोठा झाला, तो पुसून ती पुन्हा काढत बसली. दहा मिनिटांनी तिथं पाय फुटलेल्या भाकरीसारखं काहीतरी तयार झालं. गर्दीत कुणीतरी खुसखुसलं आणि सरांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं.

सात वाजता कोपऱ्यावर गाडी वळली. ही थांबली नाही तर आता सांगायला काही उरलं नव्हतं, ना कंपनीत ना घरी. गाडी सरळ येत राहिली. मग तीस पावलांवर तिचा वेग उतरला, कुठं न वळता, न बिचकता. ती आणखी हळू झाली आणि त्या भाकरीच्या आखूड पायापासून वीतभर अंतरावर उभी राहिली. "पुढे कुणीतरी रांगोळी काढली आहे," ती म्हणाली. "येथून चालत जावे."

दार उघडलं. पहिलीतलं एक पोर दप्तर सावरत उतरलं आणि खाली बघून त्यानं विचारलं, हे काय आहे. कासव, त्रिशला म्हणाली. पोरानं मान डोलावली आणि कासवाला वळसा घालून चालू लागलं. मागच्या गाडीचं दार उघडलं, मग त्याच्या मागच्या. रस्ता पोरांनी भरून गेला. पद्मजाला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि तिनं दोन्हीपैकी काही आवरलं नाही. निमिष कुणाचा तरी हात जोरजोरात हलवत होता, तो गिरणीवाल्यांचा असल्यानं दोघंही पांढरे झाले.

त्रिशलानं हात फ्रॉकला पुसले आणि सायकल घेतली. सवयीनं पद्मजा पुढं झाली आणि तिनं कॅरिअर धरलं. त्रिशलानं मागं वळून आईच्या भिजलेल्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं.

"मम्मी, तू ऑफिसला जा आता," ती म्हणाली. "मी माझी जाते."

पद्मजानं कॅरिअरवरचा हात काढून घेतला.